पेशींचे कलम आणि पोटात लपणारा रोग



२०२३ सालचा ऑक्टोबर महिना आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील लोकांच्या ध्यानात आहे. त्या महिन्यात हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा निघाला आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. लोधीखेड्यासारख्या लहान गावाच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. परंतु त्याच महिन्यात आणखी एक निर्णय झाला, आणि त्याचा गाजावाजा आपल्याकडे फारसा झाला नाही. केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण यंत्रणेने 'नेक्सकार-१९' नावाच्या एका उपचारास मान्यता दिली. मुंबईत पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून सिद्ध केलेला हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांवर आहे. त्यात औषध म्हणून जे देतात ते कारखान्यातील रसायन नव्हे. रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढावयाच्या, त्यांना नवे काम शिकवावयाचे, आणि पुन्हा त्याच्याच शरीरात सोडावयाच्या, असा हा प्रकार आहे.

अशी वार्ता कानी आली म्हणजे मनुष्य साहजिकच आपल्या घरचे दुखणे तिच्याशी ताडून पाहतो. "सर, हा उपचार बायकांच्या पोटातल्या कर्करोगालाही चालेल काय?" असे पालकांपैकी कोणी विचारले, तर त्या प्रश्नामागे केवळ जिज्ञासा नसते, घरातील कोणी आई, कोणी मावशी त्यामागे उभी असते. अशा प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि 'नाही' म्हणून मोकळे होणेही सोपे आहे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. अंडाशयाच्या, म्हणजे बीजांडकोशाच्या कर्करोगावर या मार्गाने आज काय साधले आहे, काय साधलेले नाही, आणि तोवर आपण काय करावयाचे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ रक्ताच्या कर्करोगापासून केला पाहिजे. १९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. संपत्तीला तोटा नव्हता, परदेशातील उत्तम वैद्यक हाताशी होते. पण त्या काळी या रोगावर जगात कोठेच उपाय नव्हता. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी उघडले. त्याच संस्थेच्या खारघर येथील संशोधन केंद्रात, अस्थिमज्जा रोपणाच्या विभागात, ४ जून २०२१ रोजी भारतातील या जातीचा पहिला उपचार एका रुग्णास दिला गेला. मेहरबाईंच्या मृत्यूपासून तोवर नव्वद वर्षे लोटली होती. विज्ञानाची पावले कोणत्या गतीने पडतात हे या दोन सालांवरून कळते. पुढे मी जे सांगणार आहे त्यासाठी ही गती ध्यानात ठेवावयास हवी.

आता या पेशी कोणत्या ते पाहू. आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकी काहींना टी-पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिच्यात या पेशी तयार होतात, म्हणून थायमसचे आद्याक्षर त्यांना मिळाले. या ग्रंथीचे कार्य काय हे १९६१ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॅक मिलर या शास्त्रज्ञाने ते दाखवून दिले. टी-पेशी शरीरभर गस्त घालतात. एखाद्या पेशीत विषाणू शिरला असेल तर तिच्या बाह्यांगावर त्याच्या खुणा उमटतात. टी-पेशी त्या खुणा ओळखते आणि ती बिघडलेली पेशी नष्ट करते. आपण सर्दीतून, तापातून बरे होतो त्यात या गस्तीचा वाटा मोठा आहे.

मग कर्करोगाच्या वेळी ही गस्त कोठे जाते? अडचण अशी की, कर्करोगाची पेशी ही परकी नसते. ती आपलीच, आपल्याच कुळातली, फक्त मर्यादा सोडून वाढू लागलेली. चोर बाहेरून आला तर कुत्रे भुंकते. घरचाच मनुष्य चोरी करू लागला तर कुत्रे शेपूट हलवीत उभे राहते. त्यातून कर्कपेशी आपल्या बाह्यांगावरील खुणा लपवितात, त्यामुळे टी-पेशीजवळ बळ असूनही ते कोणावर चालवावे हे तिला कळत नाही.

तिला हे कळावे म्हणून शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली, ती समजावून सांगण्यास आपल्या भागात दूर जाण्याचे कारण नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या कोणत्याही संत्रा बागाइतदारास विचारा. संत्र्याचे झाड बी लावून कोणी वाढवीत नाही. आधी जंबेरीचे रोप वाढवितात, कारण जंबेरीचे मूळ बळकट. मग त्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधतात. खाली जंबेरीचा जोम, वर संत्र्याचे फळ. दोन झाडांचे गुण एका झाडात येतात. टी-पेशीचे नेमके असेच कलम केलेले आहे. शरीरात प्रतिपिंड नावाचे पदार्थ असतात. विशिष्ट खूण अचूक धरावयाची, हा त्यांचा गुण. पण पेशीस ठार करण्याची टी-पेशीसारखी शक्ती त्यांच्या अंगी नसते. टी-पेशीत मारण्याची शक्ती आहे, पण ही ओळख नाही. तेव्हा प्रतिपिंडाचा ओळखणारा भाग घेऊन तो टी-पेशीच्या बाह्यांगावर बसवावयाचा आणि त्याचे दुसरे टोक पेशीच्या आत, जेथून हल्ल्याची आज्ञा सुटते त्या यंत्रणेशी जोडावयाचे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेचे झेलिग एशार आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली हे करून दाखविले. या जोडणीला 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' म्हणतात. त्याची आद्याक्षरे घेऊन 'कार', आणि अशा पेशीस 'कार-टी' पेशी. कायमेरा हा ग्रीक कथांतला प्राणी. त्याचे तोंड सिंहाचे, मधला भाग बोकडाचा आणि शेपूट सर्पाचे.

झाडाचे कलम चाकूने होते. पेशीचे कलम जनुकाने करावे लागते. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी बाजूला काढतात व उरलेले रक्त त्याला परत देतात. मग टी-पेशी निवडून त्यांत नवे जनुक घालतात. हे जनुक आत नेण्याचे काम एका विषाणूकडून करून घेतात. हा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला, पण रोग उत्पन्न करण्याची त्याची शक्ती काढून घेतलेली असते. तो केवळ हमालाचे काम करतो. जनुक मिळालेली पेशी नवा डोळा स्वतःच घडविते, आणि तिच्या पोटी होणाऱ्या पेशीही तो घेऊनच जन्मतात. अशा पेशी काही दिवस वाढवून, त्यांची शुद्धता तपासून, पिशवीत भरून गोठवितात. इकडे रुग्णास थोडी केमोथेरपी देऊन शरीरात नव्या पेशींसाठी जागा करतात. आणि मग सलाइनप्रमाणे ती पिशवी शिरेतून चढवितात.

२०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला असा उपचार मिळाला. तिच्या रक्ताच्या कर्करोगापुढे इतर उपाय थकले होते. ती बरी झाली. २०१७ साली अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली, तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठरली. आपल्या देशातील किती घरांना ती झेपेल, याचा हिशेब करण्याचीही गरज नाही. येथेच पवईच्या डॉ. राहुल पुरवार यांचे आणि टाटा स्मारकाच्या डॉ. गौरव नरूला, डॉ. हसमुख जैन प्रभृतींचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांनी कलमाची रचना येथेच केली, विषाणू येथेच तयार केला, पेशी येथेच वाढविल्या. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला या उपचाराचे लोकार्पण झाले. त्याचा खर्च तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात जातो. परदेशाच्या मानाने तो फार कमी आहे. आपल्या मानाने तो अजूनही फार आहे.

फळ काय मिळाले तेही सांगितले पाहिजे. २०२५ साली या प्रयोगांचा वृत्तान्त 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या मासिकात प्रसिद्ध झाला. परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी शेकडा ७३ जणांचा रोग हटला किंवा लक्षणीय कमी झाला. हे रुग्ण असे होते की, त्यांचा रोग आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. पण त्याच वृत्तान्तात उपचारामुळे ओढवलेल्या दोन मृत्यूंचीही नोंद आहे. जागृत झालेल्या पेशी एकाच वेळी चवताळल्या म्हणजे तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो. अशा रुग्णास तज्ज्ञांच्या पाहऱ्यात ठेवावे लागते. हा घरी नेऊन घेण्याचा काढा नव्हे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्ताच्या कर्करोगात जे झाले ते अंडाशयाच्या कर्करोगात का होत नाही?

अंडाशय हे बदामाएवढे अवयव, ओटीपोटात खोलवर, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असतात. तेथे, किंवा लगतच्या बीजवाहिनीच्या टोकाशी, रोगाचा आरंभ झाला तर बाहेरून काही दिसत नाही, हातास गाठ लागत नाही. पोटाची पोकळी प्रशस्त. तीत रोग मुकाट्याने पसरतो. आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर त्याचे बारीक दाणे उठतात, आणि पुष्कळदा पोटात पाणी साचते. ज्याला आपण जलोदर म्हणतो, तो स्त्रीला झाला असेल तर त्याच्या कारणांत हेही एक कारण असू शकते. निदान होते तेव्हा बहुसंख्य स्त्रियांत रोग तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत गेलेला असतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि ३२ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो.

टी-पेशींचा या रोगाशी काही संबंध आहे काय? आहे, आणि आशेचे मूळ तेथेच आहे. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी अंडाशयाच्या वाढलेल्या कर्करोगाचे १८६ नमुने तपासले. ज्या स्त्रियांच्या गाठीत टी-पेशी आत शिरलेल्या आढळल्या, त्यांपैकी शेकडा ३८ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या शिरल्याच नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा साडेचार होते. याचा अर्थ, शरीर या रोगाशी झुंजते. काही जणींचे शिपाई गडापर्यंत पोचतात, काही जणींचे पोचत नाहीत. तेव्हा ते पोचावेत अशी व्यवस्था केली तर?

तसा प्रयत्न झाला. या रोगाच्या पेशींवर फोलेट नावाचे जीवनसत्त्व धरून घेणारी एक खूण पुष्कळ प्रमाणात असते. तिच्यावर रोखलेल्या टी-पेशी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १४ स्त्रियांना दिल्या. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकीचीही गाठ कमी झाली नव्हती. सोडलेल्या पेशी बहुतेक जणींच्या गाठीपर्यंत गेल्याच नाहीत आणि थोड्या दिवसांत रक्तातूनही दिसेनाशा झाल्या. त्या वेळच्या कलमात हल्ल्याची आज्ञा होती, पण टिकून राहण्याची आज्ञा नव्हती. पुढील पिढीच्या कलमांत ती दुसरी आज्ञा जोडली गेली, आणि एमिलीला जे जीवदान मिळाले त्यात या सुधारणेचा मोठा भाग होता.

तरीही अंडाशयाच्या रोगात तेवढ्याने भागले नाही. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण खुणेचे. रक्ताच्या ज्या कर्करोगांवर हा उपचार चालतो, त्यांच्या पेशींवर 'सीडी-१९' ही खूण असते. ती खूण बी-पेशी नावाच्या निरोगी पेशींवरही असते. त्यामुळे रोगाबरोबर त्याही नाश पावतात. पण बी-पेशींवाचून मनुष्य जगू शकतो. त्यांची उणीव बाहेरून प्रतिपिंडे देऊन भरून काढता येते. अंडाशयाच्या रोगाला अशी सोयीची खूण नाही. 'मेसोथेलिन' नावाची एक खूण या रोगात पुष्कळ सापडते. पण तीच खूण हृदयाच्या, फुप्फुसाच्या आणि पोटाच्या अस्तरावरही थोडी थोडी असते. थोडी आहे म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णास दुसऱ्याच एका खुणेवर रोखलेल्या पेशी अमेरिकेत दिल्या होत्या. २०१० साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ती खूण त्या रुग्णाच्या फुप्फुसातही किंचित होती. पाव तासात श्वास कोंडला आणि पाच दिवसांनी मृत्यू आला. पेशींनी चूक केली नव्हती. त्यांना जे शिकविले होते तेच त्यांनी केले. शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसास ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरे कारण वाटेचे. रक्ताचा कर्करोग रक्तातच असतो. शिरेतून सोडलेली पेशी थेट शत्रूच्या छावणीत उतरते. अंडाशयाच्या रोगात तिला रक्तवाहिनी सोडून, गाठीची घट्ट तटबंदी भेदून आत शिरावे लागते. त्यातून एकाच गाठीतील सर्व पेशींवर एकच खूण असते असेही नाही. काही पेशी ती खूण नसलेल्या निघतात, आणि त्या शिल्लक राहून पुन्हा वाढतात.

तिसरे कारण आतल्या हवेचे. गाठीभोवती आणि जलोदराच्या पाण्यात असे पदार्थ असतात की, ते टी-पेशीला सुस्त करतात. आपल्याच शरीरातील काही आवरणाऱ्या पेशी तेथे जमतात व हल्ला करणाऱ्या पेशींना थोपवितात. गडाच्या दारापर्यंत पोचलेला शिपाई तेथेच पेंगू लागावा, तसा हा प्रकार होतो.

या तीनही अडचणींवर जगात काम चालू आहे. वाटेची अडचण टाळण्यासाठी पेशी शिरेतून न देता सरळ पोटाच्या पोकळीत सोडून पाहतात. हवेची अडचण दूर करण्यासाठी पेशीला असे जनुक देतात की, ती उत्तेजक द्रव्य स्वतःच बरोबर घेऊन जाईल. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात तसा प्रयत्न झाला आहे. आणि खुणेच्या अडचणीवर अमेरिकेतील टाम्पा येथील मॉफिट केंद्राने एक विचार करण्याजोगा मार्ग काढला आहे. स्त्रीच्या शरीरात बीजाची वाढ करणारे 'एफएसएच' नावाचे संप्रेरक असते. ते ज्या खुणेवर जाऊन बसते ती खूण मुख्यत्वे अंडाशयातच असते, आणि या कर्करोगाच्या अनेक गाठींतही आढळते. रोगी स्त्रीचे अंडाशय शस्त्रक्रियेत बहुधा आधीच काढलेले असतात. म्हणजे त्या खुणेवर हल्ला झाला तरी निरोगी अवयव गमावण्याची भीती कमी. येथे कलमासाठी प्रतिपिंडाऐवजी त्या संप्रेरकाचाच तुकडा वापरला आहे. कुलपाला त्याचीच किल्ली लावावी तसे. २०२२ मध्ये या पेशी पहिल्या स्त्रीला पोटाच्या पोकळीतून देण्यात आल्या. हा पहिल्या टप्प्याचा प्रयोग आहे. त्यात मुख्य परीक्षा सुरक्षिततेची असते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी नित्य उपचार म्हणून मान्य झालेली कार-टी पेशी आज जगात कोठेही नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

मात्र अयशस्वी प्रयोग वाया गेले, असे कोणी समजू नये. २००६ साली ज्या फोलेटच्या खुणेवर टी-पेशी हरल्या, त्याच खुणेला धरणाऱ्या प्रतिपिंडाच्या पाठीवर विषारी औषध बांधून तयार केलेला एक उपचार अमेरिकेत आला. ज्यांच्या गाठीवर ती खूण भरपूर आहे आणि ज्यांच्यावर नेहमीची प्लॅटिनमयुक्त औषधे चालेनाशी झाली आहेत, अशा स्त्रियांचे आयुष्य त्याने सरासरी काही महिन्यांनी वाढते असे दिसून आले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याला तेथे पूर्ण मान्यता मिळाली. खूण खरी होती. हत्यार दुसरे हवे होते.

आता आपल्यापुरते बोलू. चमत्काराची वार्ता दूरवरच्या गावात पोचते तेव्हा ती बहुधा अर्धीच पोचते. 'पेशींनी कर्करोग बरा होतो' एवढेच शब्द येतात. कोणत्या पेशींनी, कोणता कर्करोग, हे वाटेत गळून पडते. अशा वेळी हाती अहवाल घेऊन भांबावलेल्या कुटुंबाला कोणीही काहीही विकू शकतो. म्हणून दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हा उपचार नेमक्या याच रोगासाठी मान्य आहे काय? मान्य नसून प्रयोग चालू असेल, तर तो भारताच्या वैद्यकीय प्रयोगांच्या नोंदवहीत नोंदलेला आहे काय? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कोणासही पाहावयास मोकळी आहे. प्रयोगात असलेला उपचार देण्यासाठी कोणी शेत विकावयास सांगत असेल, तर तेथून उठून यावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पेशींचे कलम दूर असले, तरी या रोगावर आज उपाय नाही असे मुळीच नाही. कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रिया, प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी, आणि काही स्त्रियांसाठी 'पार्प' गटातील गोळ्या, ही आजची साधने आहेत. रोग अंडाशयापुरताच असताना सापडला तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. आपल्याला नागपूर जवळ आहे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे, आणि ते कार्ड आपल्या राज्याबाहेरील संलग्न रुग्णालयांतही चालते. जाण्यापूर्वी त्या रुग्णालयात तेवढी चौकशी करावी.

पण तेथवर जाण्यास उशीर होतो तो पैशापायी नव्हे, तर पुष्कळदा संकोचापायी. आपल्या घरांतील हा संवाद कोणी ऐकला नाही?

"काकू, पोट किती फुगलंय तुमचं. डॉक्टरांना दाखवून या ना."

"अगं, वात धरला असेल. ओव्याचा काढा घेते आहे. संत्र्याची तोड आटोपू दे, मग पाहू."

तोड आटोपते, मग लग्नसराई येते, मग पेरणी. तोवर काकूंचे लुगडे कमरेला पुरेनासे होते आणि चेहरा मात्र सुकत जातो.

पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात किंवा पोटात दुखत राहणे, वरचेवर लघवीला जावे लागणे, ही या रोगाची लक्षणे आहेत. ती सर्वांनाच कधी ना कधी होतात, आणि बहुतेक वेळा कारण साधेच असते. परंतु वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालेली असतील आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवत असतील, विशेषतः पाळी गेलेल्या किंवा जाण्याच्या वयातील स्त्रीला, तर पोटाची सोनोग्राफी आणि 'सीए-१२५' नावाची रक्ततपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. ज्या घरात आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तेथील स्त्रियांनी ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. हा दोष जनुकांतून उतरू शकतो आणि त्याची तपासणी करता येते.

येथे कोणी म्हणेल, मग सर्वच स्त्रियांची दरवर्षी तपासणी का करू नये? तेही करून पाहिले आहे. इंग्लंड आदी ब्रिटनच्या प्रदेशांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०२१ साली निष्कर्ष आला की, लक्षणे नसलेल्या स्त्रियांची सरसकट तपासणी केल्याने या रोगाचे मृत्यू कमी होत नाहीत. म्हणजे यंत्र आपल्यासाठी पाहरा करील ही आशा येथे उपयोगी पडत नाही. स्त्रीने स्वतःच्या शरीराची तक्रार ऐकावयाची आणि घरच्यांनी तिची तक्रार ऐकावयाची, एवढाच पाहरा आज आपल्या हाती आहे.

खारघर, पवई, टाम्पा येथील प्रयोगशाळांत जे चालले आहे ते आदराने पाहण्यासारखे आहे. मेहरबाईंच्या मृत्यूपासून भारतात हा उपचार सुरू होण्यास नव्वद वर्षे लागली. या दुसऱ्या रोगासाठी इतकी लागू नयेत अशी आशा बाळगण्यास आज जागा आहे. परंतु कलम बांधल्याबरोबर फळ येत नाही, हे आपल्या बागाइतदारांना कोणी सांगावयास नको. बाग फळावर येईपर्यंत तिची राखण करावी लागते. तशी राखण घरातल्या स्त्रियांची करा. या आठवड्यात घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला एवढेच विचारा की, पोटाचे काही दुखणे ती अंगावर काढीत नाही ना; आणि तिने 'हो' म्हटले, तर तोड आटोपण्याची वाट पाहू नका.